कॉम्प्युटरवरच्या आगंतुक जाहिराती : कुठे पैसे द्यावेत, कुठे देऊ नयेत

कॉम्प्युटर सुरू केला की उजव्या कोपऱ्यात एकामागून एक चौकटी येतात. ‘तुमच्या पीसीत ५ व्हायरस सापडले’ असे लाल अक्षरांत लिहिलेले असते. क्रोम उघडले तर गूगलऐवजी भलत्याच नावाचे सर्चचे पान समोर येते. असे झाले की नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादमध्ये, आणि तालुक्याच्या कुठल्याही गावात, पहिला विचार ठरलेला असतो : सीपीयू उचलायचा, दुकानात न्यायचा आणि फॉरमॅट मारून आणायचा.

तो विचार आधी थांबवावा, एवढ्यासाठी हा लेख आहे. यातल्या बहुतेक तक्रारी घरीच, तासाभरात, एक रुपयाही न घालवता मिटतात. फॉरमॅटचे चार-पाचशे रुपये हा खर्चाचा लहान भाग आहे. मोठा भाग घरी परतल्यावर कळतो : आडतीच्या हिशेबाचा टॅलीचा डेटा गेलेला असतो, मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी स्कॅन केलेली कागदपत्रे गेलेली असतात, जुन्या मराठी फायली उघडल्या तर अक्षरांच्या जागी नुसती चिन्हे दिसतात. हे नुकसान भरून देणारे कोणी नसते. म्हणून आधी रोग ओळखावा, मग घरचा उपाय करावा आणि त्यानेही भागले नाही तरच दुकानाची पायरी चढावी.

आधी ओळखा

लोक सरसकट ‘व्हायरस आला’ म्हणतात, पण या जाहिरातींचे तीन वेगळे प्रकार आहेत आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

पहिला प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत निरुपद्रवी आहे. कोपऱ्यातल्या चौकटीकडे नीट पाहा. तिच्यावर बारीक अक्षरांत ‘गूगल क्रोम’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट एज’ असे नाव आणि त्याच्यासोबत एखाद्या अनोळखी साइटचा पत्ता दिसला, तर तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काहीही शिरलेले नाही. कधीतरी कोणीतरी त्या साइटला सूचना पाठवायची परवानगी दिली आहे, एवढेच. तेलुगू किंवा हिंदी चित्रपट फुकट दाखवणाऱ्या साइटवर, क्रिकेटचा सामना चोरून दाखवणाऱ्या पानावर ‘व्हिडिओ पाहण्यासाठी ॲलो दाबा’, ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी ॲलो दाबा’ असे लिहिलेले असते. मुलांनी ते दाबलेले असते. व्हायरस सापडल्याची सूचनासुद्धा त्याच साइटकडून येते, म्हणजे तीही जाहिरातच. ब्राउझर बंद केल्यावरही ती येते, कारण क्रोम पडद्यामागे चालू राहू शकतो. त्यामुळे ‘क्रोम बंद असतानाही येते, म्हणजे मशीनमध्येच काहीतरी आहे’ असे कोणी सांगितले तर लगेच मान्य करू नका.

दुसरा प्रकार ब्राउझरच्या आतला. पहिले पान बदललेले असते, सर्च दुसरीकडेच जाते, वृत्तपत्राच्या साइटवर नसायला हव्यात तिथे जाहिराती दिसतात. हे काम बहुधा एखाद्या एक्स्टेन्शनचे, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचे असते.

तिसरा प्रकार खरोखर कॉम्प्युटरमध्ये बसलेल्या प्रोग्रामचा. कोणतेही ब्राउझर उघडा, त्याच जाहिराती येतात. ‘ड्रायव्हर अपडेटर’, ‘पीसी क्लीनर’ अशा नावाचे काहीतरी आपोआप सुरू होते आणि सफाईसाठी पैसे मागते.

घरातल्या मोबाइलवर, टीव्हीवर, लॅपटॉपवर, म्हणजे एकाच वायफायला जोडलेल्या सगळ्याच यंत्रांवर सर्च भरकटत असेल, तर दोष राउटरच्या सेटिंगमध्ये असू शकतो. राउटरचा मूळ पासवर्ड कधीच बदललेला नसतो आणि कोणीतरी आत जाऊन डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेटिंग, बदललेली असते. अशा वेळी कॉम्प्युटर दुकानात नेऊन उपयोग नाही. ज्याच्याकडून इंटरनेट घेतले त्यालाच बोलवावे, राउटर रीसेट करून नवा पासवर्ड घालून घ्यावा. महिन्याचे भाडे भरणाऱ्या ग्राहकाला या कामाचे वेगळे पैसे लागू नयेत.

पहिला प्रकार : खर्च शून्य, वेळ पाच मिनिटे

क्रोममध्ये वर उजवीकडची तीन टिंबे दाबा. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटची यादी तिथे दिसते. ओळखीची नाही ती प्रत्येक साइट काढून टाका किंवा ‘ब्लॉक’ करा. त्याच पानावर कोणत्याही साइटला सूचना पाठवू न देण्याचा पर्याय आहे, तोही निवडा. घरच्या कॉम्प्युटरवर अशा सूचनांची गरज क्वचितच पडते. एजमध्ये आणि फायरफॉक्समध्येही वाट जवळपास हीच आहे. मोबाइलवर असाच त्रास असेल तर तिथे ही परवानगी वेगळी काढावी लागते.

एवढ्यावर ज्यांची तक्रार मिटली त्यांनी पुढचा दुरुस्तीचा भाग सोडून दिला तरी चालेल. खोट्या इशाऱ्यांवरचा आणि मराठी टायपिंगवरचा भाग मात्र वाचावा.

दुसरा प्रकार : खर्च शून्य, वेळ अर्धा तास

तीन टिंबांच्या यादीत ‘एक्स्टेन्शन्स’ उघडा. पीडीएफचे वर्ड करणारे, व्हिडिओ उतरवणारे, कूपन शोधणारे, हवामान दाखवणारे असे बरेच काही तिथे साठलेले असते. आपण स्वतः जाणूनबुजून घेतलेले नाही ते काढा. पूर्वी चांगले होते म्हणून आजही चांगले असेल असे धरू नका. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे क्रोमचे लोकप्रिय एक्स्टेन्शन २०२० मध्ये मूळ लेखकाने दुसऱ्याला विकले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून बंद केले. वापरणाऱ्यांनी नवे काहीच घेतले नव्हते, मालक मात्र बदलला होता.

मग सेटिंग्जमध्ये ‘रीसेट सेटिंग्ज’ शोधून मूळ स्थिती परत आणा. त्यामुळे पहिले पान आणि सर्च पूर्ववत होतात, एक्स्टेन्शन्स बंद पडतात. साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क मात्र जात नाहीत. फायरफॉक्समध्ये यालाच ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ म्हणतात.

इथे तीन अडचणी येतात आणि दुकानातही बऱ्याचदा त्या सुटत नाहीत, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

पहिली अडचण : काढलेले एक्स्टेन्शन दुसऱ्या दिवशी परत येते. कारण तेच गूगल खाते घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवर चालू असते आणि सिंकमुळे तिथून ते पुन्हा इकडे उतरते. दोन्हीकडे आधी सिंक बंद करा, दोन्हीकडून एक्स्टेन्शन काढा, मगच सिंक सुरू करा. फॉरमॅट मारूनही जाहिराती परत आल्याची जी तक्रार होते, तिच्यामागे पुष्कळदा हेच असते : नव्या विंडोजमध्ये जुन्याच खात्याने लॉगिन केले की जुनेच एक्स्टेन्शन हजर.

दुसरी अडचण : क्रोमच्या मेनूत सर्वांत खाली ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असे दिसते आणि एक्स्टेन्शन काढूच देत नाही. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर हे असणे साहजिक आहे. घरच्या कॉम्प्युटरवर दिसले, तर काही अँटिव्हायरसमुळेही तसे होऊ शकते, पण बहुधा एखाद्या प्रोग्रामने विंडोजच्या रजिस्ट्रीत क्रोमसाठी सक्तीचा नियम लिहून ठेवलेला असतो. रजिस्ट्रीत हात घालायची सवय नसेल तर हे स्वतः करू नका. खाली सांगितलेले ‘ॲडडब्ल्यूक्लीनर’ हे साधन ते काढू शकते, किंवा जाणत्या माणसाकडून फक्त एवढेच काम करून घ्या.

तिसरी : डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हातच खोट असते. त्या चिन्हावर उजवे क्लिक, मग प्रॉपर्टीज. ‘टार्गेट’च्या रकान्यात शेवटी ‘क्रोम डॉट ईएक्सई’ आणि अवतरणचिन्ह यांच्यापुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला दिसला, तर ते चिन्ह पुसून नवे तयार करा.

‘क्रोममध्येच सफाईचे बटण आहे, ते दाबा’ असा सल्ला अजून बरेच जण देतात. ते बटण गूगलने मार्च २०२३ मध्ये काढून टाकले. शोधत बसू नका, आणि ‘क्रोम क्लीनर’ नावाने कुठे काही मिळाले तर मुळीच घेऊ नका.

तिसरा प्रकार : तरीही खर्च शून्य

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ उघडून यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास ज्या सुमारास सुरू झाला त्या सुमारास काय काय बसले ते पाहा आणि अनोळखी असेल ते ‘अनइन्स्टॉल’ करा. काढताना तो प्रोग्राम ‘खरंच जाताय?’, ‘निम्म्या किमतीत ठेवा’ असे विचारत राहतो. चौकट नीट वाचून मग बटण दाबा, कारण अशा ठिकाणी ‘नको’ आणि ‘हवे’ची बटणे मुद्दाम उलटसुलट ठेवलेली असतात.

मग विंडोज सिक्युरिटी उघडा. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर फुकट असतोच. त्यात ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’खाली ‘रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन’ आहे आणि तिथे नको असलेली ॲप्स अडवण्याचा पर्याय आहे. मे २०२० च्या विंडोज अपडेटपासून तो मिळतो, पण जुन्या मशीनवर बंद असू शकतो. तो चालू करून पूर्ण स्कॅन लावा. जुन्या हार्डडिस्कला त्याला काही तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपा. तरीही काही चिवटपणे परत येत असेल तर ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे. त्यात कॉम्प्युटर बंद होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते. साधारण पाव तास लागतो. सुरू करण्याआधी उघडी कामे सेव्ह करा. लोडशेडिंगची वेळ टाळा.

जाहिराती काढण्यासाठी खास बनवलेले साधन हवे असेल तर ‘ॲडडब्ल्यूक्लीनर’ फुकट आहे. ते फ्रान्समधल्या एका जाणकाराने सुरू केले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये मालवेअरबाइट्स कंपनीने घेतले. आकाराने लहान, इन्स्टॉल करावे लागत नाही, चालवले की काही मिनिटांत यादी देते. वर सांगितलेला रजिस्ट्रीतला सक्तीचा नियमही त्याला सापडू शकतो. त्याच कंपनीचा मोठा प्रोग्रामही स्कॅनपुरता फुकट वापरता येतो. सुरुवातीचे काही दिवस तो पैशांची आवृत्ती दाखवतो. मुदत संपली की ‘खरेदी करा’ म्हणेल, तेव्हा नकार द्या; स्कॅन पुढेही फुकट चालतो. ही साधने कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यावीत. सर्चमध्ये सर्वांत वर ‘स्पॉन्सर्ड’ म्हणून येणाऱ्या दुव्यांवरून, किंवा हजारो सॉफ्टवेअर एका जागी देणाऱ्या साइटवरून घेऊ नयेत. तिथे एका सॉफ्टवेअरसोबत तीन नकोशी सॉफ्टवेअर येतात.

सरकारी सोयही आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. नाव केंद्र असले तरी ती इंटरनेटवरची सेवा आहे. भारतीय अँटिव्हायरस कंपन्यांच्या मदतीने बनवलेली सफाईची साधने तिथून फुकट उतरवता येतात.

हे सगळे करूनही विंडोज अडखळत असेल, तर फॉरमॅटचे काम विंडोज स्वतःच करू शकते. सेटिंग्जमध्ये ‘रिकव्हरी’खाली ‘रीसेट धिस पीसी’ आहे. त्यातला ‘कीप माय फाइल्स’ पर्याय घेतला तर तुमच्या फायली राहतात, नंतर बसवलेले प्रोग्राम जातात. ‘क्लाउड डाउनलोड’ निवडले तर चार जीबीच्या आसपास डेटा लागतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर ‘लोकल’ पर्याय घ्यावा. फायली राहतील असे विंडोज सांगत असले तरी त्यावर भरवसा ठेवून बॅकअप टाळू नका.

दुकानात जायचेच असेल तर

डोळे साथ देत नाहीत, इंग्रजी मेनूंची भीती वाटते, वेळ नाही, अशी कारणे खरी असतात. दुकानात जाण्यात कमीपणा काही नाही. गावातला जाणता मुलगा आपला वेळ आणि कौशल्य देतो, त्याचे पैसे त्याला मिळायलाच हवेत. पण कशाचे किती, हे आधी ठरावे.

दर दुकानागणिक बदलतात. पुढचे आकडे बोलणी करताना हाताशी असावेत म्हणून, मला रास्त वाटतात ते सांगतो. फॉरमॅट न करता फक्त जाहिराती आणि नकोसे प्रोग्राम काढून देण्याचे २०० ते ३०० रुपये. फॉरमॅट मारून विंडोज, ड्रायव्हर आणि नेहमीचे प्रोग्राम टाकून देण्याचे ४०० ते ६००. जुना डेटा नीट काढून परत भरून देणार असेल तर त्यावर आणखी दोनेकशे रुपये खुशाल द्यावेत, कारण खरी मेहनत तिथेच आहे. घरी येऊन काम केले तर येण्याचे शंभर-दीडशे. नांदेडला रेल्वेने जायला दीड-दोन तास लागतात. तिथे किंवा निजामाबादला नेले तर दर चढा असतो, शिवाय जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेला दिवस. फक्त जाहिरातींसाठी तेवढ्या लांब जायची गरज नाही. हार्डडिस्क खराब झाली असेल आणि आतला डेटा हवाच असेल, तेव्हा मोठ्या गावचा विचार करावा.

‘विंडोजचे वेगळे पैसे’ मागितले तर एक प्रश्न विचारा : माझ्या लॅपटॉपसोबत मूळ विंडोज आले होते ना? विंडोज ८ किंवा त्यानंतरची आवृत्ती घालून आलेल्या कंपनीच्या लॅपटॉपमध्ये लायसन्सची किल्ली मदरबोर्डमध्येच असते. फॉरमॅटनंतर तीच आवृत्ती टाकली की इंटरनेट जोडल्यावर ते आपोआप सुरू होते. तिथे पैसे देण्याचे कारण नाही. सुटे भाग जोडून बनवलेल्या डेस्कटॉपची गोष्ट वेगळी. त्यात पुष्कळदा चोरीचे विंडोज असते आणि ते चालू करण्यासाठी वापरलेला ‘ॲक्टिव्हेटर’ अँटिव्हायरस बंद करूनच चालवलेला असतो. जाहिराती आणणारा दरवाजा तिथेच उघडतो. म्हणजे फॉरमॅट मारून घेतल्याच्या दिवशीच नव्या त्रासाची सोय झालेली असते. दुकानदाराला स्पष्ट सांगा : ॲक्टिव्हेटर टाकायचा नाही, डिफेंडर बंद करायचा नाही. विंडोजचे खरे घरगुती लायसन्स दहा हजारांच्या आगेमागे पडते. सगळ्यांना ते परवडणार नाही हे उघड आहे. ज्यांचे काम ब्राउझर, टायपिंग आणि व्हिडिओ एवढेच आहे त्यांनी ‘लिनक्स मिंट’चा पर्याय जरूर विचारात घ्यावा. तो कायदेशीर आणि फुकट आहे, आणि विंडोजसाठी बनवलेले जाहिरातीचे प्रोग्राम त्यावर चालत नाहीत. टॅली किंवा जुनी मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर मात्र त्यावर थेट चालत नाहीत, हे लक्षात ठेवून ठरवावे.

‘जाहिरातींमुळे मशीन स्लो झाले, एसएसडी टाकून घ्या’ असेही सुचवले जाते. एसएसडीने जुने मशीन खरोखर वेगवान होते आणि ज्याचे बजेट आहे त्याने ती जरूर टाकावी. पण त्याने जाहिराती जात नाहीत. ही दोन कामे वेगळी समजा आणि दोन्हींचे दर वेगवेगळे लिहून घ्या. एसएसडीचे भाव अलीकडे बरेच वर-खाली होतात, म्हणून त्या दिवसाचा भाव विचारूनच होकार द्यावा.

फॉरमॅटच्या आधीची रात्र

या एका भागासाठी मी सगळ्यांना थांबायला सांगेन. एक पेनड्राइव्ह घ्या. ६४ जीबीचा चार-पाचशे रुपयांच्या घरात मिळतो. बॅकअप स्वतः घ्या, दुकानदारावर सोडू नका.

‘डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स घेतले’ म्हणजे सगळे घेतले, असे नसते. धर्माबादच्या मोंढ्यात मिरचीच्या व्यवहाराची पुस्तके टॅलीत ठेवणारी घरे आहेत. टॅलीचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये नसतो. जुन्या टॅली ईआरपी ९ मध्ये तो बहुधा सी ड्राइव्हमधल्या टॅलीच्याच फोल्डरमध्ये ‘डेटा’ नावाने असतो, टॅलीप्राइममध्ये ‘यूजर्स’च्या आतल्या ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये. टॅली उघडून त्यातूनच ‘बॅकअप’ घ्या आणि शिवाय ते डेटा फोल्डरही उचलून ठेवा. मिरचीच्या हंगामात हिशेब ऐन भरात असतो, तेव्हा हे चुकले तर व्यापाऱ्याचे आणि शेतकऱ्याचे दोघांचेही नुकसान होते.

मराठी फॉन्टचेही तसेच. कृतिदेव, श्रीलिपी, सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली त्या फॉन्टशिवाय वाचता येत नाहीत. शिक्षकांचे निकालपत्रक, पतसंस्थेचे जुने ठराव, लग्नपत्रिकेचे नमुने, सगळे चिन्हांचे कडबोळे दिसते. सी ड्राइव्हमधल्या ‘विंडोज’ फोल्डरात ‘फॉन्ट्स’ आहे, त्यातले तुमचे मराठी फॉन्ट पेनड्राइव्हवर घ्या.

याशिवाय : डाउनलोड्सच्या फोल्डरमधली गुणपत्रके आणि दाखले, ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क, प्रिंटर आणि स्कॅनरचे नाव व मॉडेल. डिजिटल सही कॉम्प्युटरमध्येच बसवलेली असेल तर ती आधी बाहेर काढून घेता येते का ते विचारा. बॅकअप झाला की तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार फायली उघडून पाहा. उघडल्या तरच झाला म्हणायचे. प्रोग्रामच्या ईएक्सई फायली मात्र परत आणू नका, त्यांच्यासोबत जुना त्रासही येतो.

दुकानात मशीन देताना एका कागदावर चार ओळी लिहून घ्या : काय काम, किती पैसे, डेटा ठेवायचा की नाही, काय काय परत टाकून द्यायचे. जीएसटी नोंदणी नसलेला लहान दुकानदारही साधी पावती देऊ शकतो. मशीनमध्ये बँकेचे पासवर्ड साठवलेले असतील तर देण्याआधी ते पुसा. घरच्यांचे खासगी फोटो मशीनमध्ये असतील तर ते पेनड्राइव्हवर घेऊन मशीनमधून काढा, मगच ते बाहेर पाठवा.

डेटा ठेवायचा म्हणून लिहून दिले होते आणि तरीही तो गेला, किंवा ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेतले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे न मिटल्यास नांदेडला जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि ती ऑनलाइनही दाखल करता येते. पावती आणि चार ओळींचा तो कागद तिथे उपयोगी पडतो.

अँटिव्हायरस विकत घ्यावा का?

दुकानात फॉरमॅटसोबत वर्षाचा अँटिव्हायरस घ्या म्हणतात. साधा पॅक पाचशेच्या आगेमागे, ‘टोटल सिक्युरिटी’ हजाराच्या आगेमागे. डब्यावरची छापील किंमत याहून बरीच मोठी असते, तिच्याकडे पाहून स्वस्तात मिळाले असे समजू नका. क्विक हीलसारख्या कंपनीबद्दल मराठी माणसाला आपुलकी आहे आणि ती रास्त आहे. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी पुण्यात दुरुस्तीच्या लहानशा दुकानापासून सुरुवात केली आणि भाऊ संजय काटकर यांच्यासह ही कंपनी उभी केली. ज्यांच्या कॉम्प्युटरवर रोज दहा जणांचे पेनड्राइव्ह लागतात, झेरॉक्सचे दुकान किंवा सेवा केंद्र असेल, त्यांनी असा अँटिव्हायरस घेणे योग्य आहे. घरात दोन माणसे वापरतात, विंडोज अपडेट चालू आहे, डिफेंडर चालू आहे, अशा घराने केवळ जाहिराती थांबवण्यासाठी तो घेऊ नये. ॲलो दाबून दिलेली परवानगी सहसा अँटिव्हायरसही काढत नाही.

नव्या लॅपटॉपमध्ये काही महिन्यांचा फुकट अँटिव्हायरस घालून येतो आणि मुदत संपल्यावर ‘तुम्ही असुरक्षित आहात’ अशी भीती घालत राहतो. तो पूर्ण अनइन्स्टॉल करा, डिफेंडर आपोआप जागा घेतो. कंपनीने घालून दिले म्हणजे चांगलेच असते असेही नाही. लेनोव्होच्या लॅपटॉपमध्ये २०१४ च्या अखेरीस ‘सुपरफिश’ नावाचा जाहिराती घुसवणारा प्रोग्राम कंपनीकडूनच आलेला होता. तो सुरक्षित साइटच्या आतही डोकावत होता, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीस आल्यावर कंपनीला तो काढण्याचे साधन द्यावे लागले.

पडद्यावरच्या नंबरवर फोन करू नका

सर्वांत महाग पडते ते हेच. पूर्ण पडदा व्यापून लाल किंवा निळे पान येते, भोंगा वाजतो, ‘कॉम्प्युटर बंद करू नका, मायक्रोसॉफ्टच्या या नंबरवर फोन करा’ असे लिहिलेले असते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. ते फक्त एक वेबपान असते. एस्केपची कळ काही क्षण दाबून धरा, मग ऑल्ट आणि एफ ४ दाबा. तरी गेले नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. काहीच जमले नाही तर बटण दाबून मशीन बंद करा, काहीही बिघडत नाही.

अलीकडे आणखी एक क्लृप्ती निघाली आहे. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असे सांगून विंडोज आणि आर या कळा दाबायला लावतात, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. असे करणारा स्वतःच्या हाताने चोराची आज्ञा कॉम्प्युटरला देतो. कोणत्याही खऱ्या साइटला याची गरज नसते. मुलांना हे आजच सांगा.

फोन केला गेला, ‘एनीडेस्क’सारखे ॲप टाकून कोणाला आत घेतले गेले, पैसे गेले, तर लाजू नका आणि वेळ घालवू नका. इंटरनेट तोडा. बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या चुकीने व्यवहार झाला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून कळवण्याची वेळ आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

हे येते कुठून

फुकट सॉफ्टवेअरसोबत नकोसा प्रोग्राम चिकटवून देणाऱ्याला प्रत्येक मशीनमागे पैसे मिळतात. जून २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’ नावाचा असाच प्रकार उघड केला. ब्राउझरचे पहिले पान पळवणारा हा प्रोग्राम जगभरात २५ कोटी मशीनमध्ये आणि त्यातल्या अडीच कोटींहून जास्त भारतातल्या मशीनमध्ये बसला आहे, असा तिचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने नंतर हा आकडा फुगलेला असल्याचे म्हटले. आकडा कमी धरला तरी भारत त्या यादीत सर्वांत वर होता, हे विसरता येत नाही.

आपल्याकडे याची एक खास वाट आहे : मराठी टायपिंग. गूगलचे कॉम्प्युटरवर बसवायचे इनपुट टूल्स कंपनीने काही वर्षांपूर्वी देणे बंद केले. तरी लोक ते शोधतात, आणि कुठल्या तरी तिसऱ्याच साइटवरून त्याची प्रत उतरवतात. कृतिदेव फॉन्ट, फॉन्ट बदलणारे कन्व्हर्टर, पीडीएफचे वर्ड करणारे प्रोग्राम यांचेही तेच. यातल्या बऱ्याच गोष्टींची आता गरज उरलेली नाही. मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये, आणि विंडोज ११ मध्येही, मराठी फोनेटिक कीबोर्ड मायक्रोसॉफ्टनेच दिलेला आहे. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ उघडून ‘लँग्वेज’मध्ये मराठी जोडा, तिच्या पर्यायांत ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड घ्या. विंडोज आणि स्पेस या दोन कळा दाबल्या की मराठी सुरू. इंग्रजी अक्षरांत ‘namaskar’ टाइप करतो तशाच कळा दाबायच्या, अक्षरे देवनागरीत उमटतात. धर्माबादच्या अनेक घरांत तेलुगूही लागते, तिचाही असाच कीबोर्ड तिथेच आहे. खर्च काही नाही.

विंडोज १० वर असलेल्यांसाठी एक तारीख महत्त्वाची आहे. त्याची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर जादा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत फुकट घेता येतात. विंडोज अपडेटच्या पानावर त्याची नोंदणी होते. मशीन विंडोज ११ ला चालत असेल तर बदल फुकटच आहे. साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते, आणि ‘पीसी हेल्थ चेक’ हे मायक्रोसॉफ्टचे साधन ते तपासून देते. विंडोज ७ अजून चालवणाऱ्यांना मात्र नवे क्रोमही मिळत नाही. त्या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नयेत.

शेवटी, मुलांसाठी वेगळे खाते करा. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’खाली नवे खाते जोडून ते ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नव्हे तर ‘स्टँडर्ड यूजर’ ठेवा आणि मोठ्यांच्या खात्याला पासवर्ड घाला. मग कोणताही प्रोग्राम संपूर्ण कॉम्प्युटरमध्ये बसवायचा झाला की पासवर्डची चौकट येईल आणि मूल तुम्हाला हाक मारेल.